आठ सेकंदांचं उत्तर

सोमवार, ३
आज रुजू झाले. खिडकीजवळचं टेबल मिळालं, चहाचं यंत्र चार पावलांवर, स्वारी खूश. प्रयोगशाळेची प्रमुख माझी ताईच, त्यामुळे वशिल्याची म्हणून कुजबुज होणार. होऊ दे, काम मला येतं. आमची टोपी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीतून आत सोडते, तो मेंदूतल्या रक्ताचा माग काढून परततो आणि पडद्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ उमटतं. रक्त आळशी, म्हणून उत्तराला आठ सेकंद लागतात.

टोपी भावोजींसाठी. अपघातापासून दोन वर्षं ते हलत नाहीत, बोलत नाहीत. पलीकडच्या खोलीत यंत्र त्यांचा श्वास चालवतं. ‘भावोजी’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. कॉलेजात तो माझ्या बाकावर बसायचा. माझ्या वह्या न्यायला घरी आला आणि ताईला घेऊन गेला.

बुधवार, ५
दाट केसांत प्रकाश अडतो. म्हणून टोपीतल्या प्रत्येक दिव्याखाली काडीने भांग पाडावा लागतो. ते काम ताई कुणाला देत नाही. अर्धा तास त्याच्या केसांत बोटं. मी पडद्याकडे बघत बसले. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रश्नांतही शंभरातली साठच बरोबर येतात.

सोमवार, १०
तो लवकर थकतो, टोपीच्या यंत्राला शिकवायला नोंदी पुरत नाहीत. ताई जेवायला गेल्यावर मी टोपी घातली, स्वतःलाच दोनशे प्रश्न विचारले आणि त्या नोंदी त्याच्या नावावर घातल्या. यंत्र त्यांवर शिकलं. आता शंभरात एक्क्याण्णव. आईला फोन केला, तर म्हणाली, ताईच्या कष्टांचं चीज झालं. अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवार, १३
ताईने त्याला विचारलं, मी जवळ बसू का. ‘नाही.’ मग धाकटी बसू दे का. ‘हो.’ ताई जिन्यात जाऊन रडली. यंत्र माझ्या डोक्यावर शिकलेलं, उत्तर बहुधा माझं होतं, हे सांगायला हवं होतं. पण इतकं गोड वाटलं की नाही सांगितलं.

सोमवार, १७
आज उत्तर प्रश्न संपायच्या आत आलं. रक्त इतकं पळत नाही. ताईला वाटलं, सुधारणा.

मंगळवार, १८
टोपी खुंटीवर होती. खाली डोकं नाही. ताई दारातून आत आली आणि पडद्यावर ‘नाही’. ती बाहेर गेली — ‘हो’. मी वायर काढली. तरी —

बुधवार, १९
ताईने धीर करून विचारलं, श्वासाचं यंत्र बंद करायचं का. ‘हो.’ उद्या डॉक्टर तीनदा विचारणार. तिसऱ्यांदा येईल ते उत्तर पक्कं धरणार; ‘हो’ आलं तर बंद. माझा नाही झाला, तर तिचा तरी का राहावा, असं एकदाच मनात आलं होतं. एकदाच.

गुरुवार, २०, सकाळ
सांगणार होते. आधी खात्री म्हणून टोपी स्वतः घातली, तोच प्रश्न विचारला. मनात ‘नाही’ म्हटलं, शपथेवर. पडद्यावर ‘हो’.

ताईला सांगता आलं नाही. तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

सगळे खोलीत. वही मांडीवर. मी फक्त मनात ‘नाही’ धरून ठेवायचं, बस.

पहिल्यांदा — ‘नाही’. जमलं. त्याचे डोळे माझ्याकडेच —

दुसऱ्यांदा ‘नाही’. ताई हसली. म्हणते, माझ्यासाठी राहतोय —

माझ्यामुळे राहतोय. माझ्या —

तिसऱ्यांदा विचारलं. नाही, नाही, नाही. ताईने त्याचा हात गालाला लावला, आणि माझ्या मनात परत तेच, एकदाच —