तिसऱ्या आग्रहाची वाट

३ मार्च, सकाळ
व्हिसा महिनाअखेर संपतो. कागदावर. प्रेमाला कुठं शिक्का लागतो? (ओळ बरी जमली. सूनबाईला ऐकवणे.)

ऐकवली. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. तिनं कॉम्प्युटरचा आवाज बंद केला, ओळ पूर्ण ऐकली आणि दोन्ही हात जोडले. असा आदर हल्ली दिसत नाही.

४ मार्च
संकल्प : नातीला सातवीपर्यंतच्या सगळ्या कविता तोंडपाठ करून दिल्याशिवाय इथून हलायचं नाही. आमच्या वेळची पुस्तकं रद्दीत गेली, पण कविता इथं आहेत, छातीत. आज पाखरांच्या कवितेनं आरंभ. पोर गुणी. मी सुरुवात केली की लगेच कानांना हेडफोन लावते. बाहेरचा गोंगाट नको म्हणून.

तिची खोली तिनं मला दिली आहे, स्वतः हॉलमध्ये सोफ्यावर झोपते. आपणहून दिली. (चिरंजीव म्हणतो, आपणहून नाही. असो.)

७ मार्च
जेवताना सहज म्हणालो, फार दिवस झाले बुवा, आता निघायला हवं. रीतच आहे. पाहुण्यानं निघतो म्हणायचं, घरच्यांनी अडवायचं. पहिल्या आग्रहाला नको, दुसऱ्याला छे छे, तिसऱ्याला 'बरं, एवढं म्हणताय तर'. तिसऱ्याच्या आत हो म्हणतो तो हावरट.

चिरंजीवाला हे मीच शिकवलं. पहिलीत होता. माझ्या साहेबांच्या घरी गेलो होतो, बाईंनी बशी पुढं केली आणि या पठ्ठ्यानं पहिल्याच विचारण्याला क्रीमचं बिस्किट उचललं. चारचौघांत परत ठेवायला लावलं. नंतर त्याला कुणी विचारलं नाही, पण वळण लागलं ते लागलं.

तर, मी निघतो म्हणालो. सूनबाईनं विचारलं, खिडकीजवळची सीट हवी की पॅसेजची? बिचारी. दुःख लपवायला माणूस काहीही विचारतं.

१० मार्च
फ्रिजवर कॅलेंडर आहे. माझा व्हिसा संपतो त्या तारखेभोवती नातीनं फुलं काढली आहेत. रंगीत. एक फुगाही आहे. विरहाच्या कल्पनेनं लेकराचा हात थरथरला असणार, कारण फुगा जरा वाकडा आला आहे.

ठरलं. इतकी माया सोडून जाणं हे पाप. मुक्काम वाढवायचा. मग परत वाढवायचा. बोलायचं मात्र त्यांनी.

११ मार्च
गावाकडे समोरच्या वहिनींना फोन. सांगितलं, मुलगा सोडायलाच तयार नाही. दूध बंद करा, पेपर बंद करा. कायमचे. कुंड्या तुमच्याकडे न्या. त्या म्हणाल्या, बघा हं, नक्की ना? म्हटलं, वहिनी, काळ्या दगडावरची रेघ.

मग कट्ट्यावरच्या टकलूला फोन. निघताना साऱ्या कट्ट्यानं मला निरोपसमारंभ दिला होता. मी दोन कविता म्हटल्या, लोक डोळे पुसत लवकर घरी गेले. तेव्हा हाच म्हणाला होता, महिन्या-दोन महिन्यांत परत दिसशील. आज म्हणाला, नशीबवान आहेस रे. सुरात मत्सर स्पष्ट होता.

एकट्यानं बंद घराचं कुलूप उघडण्याचा प्रसंग आता या जन्मी नाही.

१४ मार्च
आला! पहिला आग्रह आला! चिरंजीव ओट्याशी भांडी घासत होता. म्हणाला, बाबा, मुदत वाढवायची आहे का? असेल तर सांगा, अर्ज करावा लागेल.
म्हटलं, नको रे, तुम्हाला कशाला त्रास.
म्हणाला, नक्की?
म्हटलं, छे छे.
दोन झाले. तिसऱ्यासाठी तिथंच उभा राहिलो. त्यानं कढई धुतली. पातेलं धुतलं. मग माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाला, उभेच आहात तर पुसा.

भांडी पुसली. तिसरा उद्या.

१६ मार्च
तिसरा अजून नाही. सवड मिळत नसेल. धाकट्या बहिणीला सहज फोन केला. सहजच थोडा रडलो. तिची जीभ म्हणजे विळी. तिनं लगेच भाच्याला झापलं, बापाला बोचक्यासारखं परत फेकतोस का रे? मी मध्ये पडलो नाही. पडणार तरी कसा, दाराआड होतो.

परिणाम : व्हिसा ऑफिसची अपॉइंटमेंट. एकोणीस तारीख.

नातीला कळलं तेव्हा आनंद मावेना. हमसून हमसून रडली, दार आपटून घेतलं. बाथरूमचं. तिला आता दुसरं दार नाही ना. मी बाहेरून पाखरांची कविता म्हटली. आत नळ मोठा झाला. पाण्याचा आणि पाखरांचा संबंध तिला बरोबर कळला.

१९ मार्च
मोठा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लाल नंबर. इस्त्रीचा शर्ट घातला. काउंटरवरच्या बाईंना माझी भाषा येत नाही, मला त्यांची. मध्ये चिरंजीव दुभाषा. कागद सगळे ठीक. बाईंनी फक्त एवढंच विचारलं : यांची स्वतःची इथं राहायची इच्छा आहे का?

आता परक्या बाईंसमोर, पहिल्याच विचारण्याला, हो हो म्हणून उडी मारायची? हसून म्हणालो, नको हो, माझं काय, मुलाला उगाच ताप. चिरंजीवानं शब्दन् शब्द पोचवला. भाषांतर उत्तम.

बाई सुसंस्कृत. दुसऱ्यांदा विचारलं. म्हटलं, छे छे. आणि 'बरं, एवढं म्हणताय तर' जिभेच्या टोकावर आणून ठेवलं.

बाईंनी चिरंजीवाकडं पाहिलं. आता त्यानं एकदा म्हणायचं होतं, एवढंच. त्याला रीत ठाऊक आहे. तो बुटांकडं बघत होता. मग बाईंना काहीतरी सांगितलं. लहानसं वाक्य. बाईंनी कागद परत सरकवले. भिंतीवर पुढचा नंबर लागला.

मी खुर्चीतच होतो. त्यानं दंडाला धरून उठवलं, अगदी हळू.

पायऱ्या उतरताना म्हणाला, बाबा, त्या बिस्किटात गुलाबी क्रीम होतं.
कुठलं बिस्किट? काही संदर्भ लागला नाही. कामाच्या ताणानं पोरगा भरकटतोय.

२८ मार्च
विमानतळ. सूनबाईनं बॅग स्वतः भरली, वजन केलं, परत केलं, काही राहू नये म्हणून. गाडीत नातीनं पाखरांची कविता म्हटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही चूक नाही, टाळ्या वाजवत. म्हणजे पाठ होती तर. शेवटचं कडवं दोनदा म्हटलं. तेच, घरट्याकडे परतण्याचं.

आत शिरताना वळून हात केला. गाडी निघालीही होती. पार्किंगचे नियम इथं कडक आहेत.

३० मार्च, संध्याकाळ
कुलूप गंजलं होतं. तेल घालून उघडलं. घरात कोंदट वास. कुंड्या वहिनींच्या गॅलरीत, चांगल्या फोफावल्या आहेत.

कट्ट्यावर उद्या. फार तर परवा. टकलूला काय सांगायचं ते विमानात तयार केलंय : पोरानं पाय धरले, मीच म्हटलं, मातीची ओढ.

वहिनींनी दार उघडलं. म्हणाल्या, अगंबाई, आलात? राहा म्हणाले नाहीत का? म्हटलं, म्हणाले हो, फार आग्रह केला, मीच ऐकलं नाही. मग म्हणाल्या, चहा टाकू का?
म्हटलं, नको हो, कशाला.
बरं मग, म्हणाल्या, आणि दार लावलं.

दाराशी थोडा थांबलो. आपल्याकडे रीत असते.

मग घरी येऊन कोराच केला. दूध मीच बंद केलंय. कायमचं.