पाय टेकला की बाद

२ जुलै १९८८, शनिवार
आज सकाळी साडेसहाला मारुतीला तेल घालून आलो. वाटीत उरलेले तेल नेहमीप्रमाणे सायकलच्या दोन्ही रिमांना पुसले. देवाचे तेल वाया जाऊ नये आणि पावसाळ्यात लोखंड गंजू नये. बरीच वर्षे हा नेम आहे. पुंडलिकनगरात इतकी चकचकीत सायकल दुसरी नाही.

कंपनीत नोटीस लागली. पंधरा ऑगस्टला कामगारांच्या स्पर्धा. यंदा नवीन प्रकार, तोल सायकल. फळीवरून जायचे, खडीचा ढीग चढायचा, चिखलाचा चर ओलांडायचा आणि उतारावरून येऊन चुन्याच्या रेघेच्या आत थांबायचे. वेगाला किंमत नाही. पाय टेकला की बाद.

वाचल्यावर वाटले, ही स्पर्धा माझ्यासाठीच काढली आहे. वय एकोणपन्नास, पण मन स्थिर. स्टोअरमध्ये वीस वर्षांत एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नाही. नाव दिले. पॅकिंगचा बद्रीनाथ म्हणाला, काका, तुमी शिट्टी वाजवायला बरे दिसताल, सायकलवर कशाला चढता? तरुण आहे. पंधरा ऑगस्टला समजेल.

४ जुलै, सोमवार
पाऊस. मुकुंदवाडीच्या वळणावर ब्रेक दाबला, सायकल थांबली नाही. पानाची टपरी होती म्हणून मी थांबलो. टपरीवाला भला माणूस. कात तेवढा सांडला.

निष्कर्ष: ब्रेकची रबरे हलकी आहेत. पंधरा ऑगस्टला पाऊस असणारच. म्हणजे खरी स्पर्धा आत्ताच सुरू झाली. ओल्यात धरणारी रबरे आणि ओल्यात न घसरणारे टायर नीट पारखून घ्यायचे. रोज अर्धा तास सराव. चहा बंद.

संध्या. ६. चहा घेतला. भिजलो होतो.

७ जुलै, गुरुवार
ओल्यात धरणारे रबर कुठे मिळेल म्हणून तिघांना विचारले. वॉचमन, कँटीनवाला आणि बद्रीनाथ. तिघेही एकच सांगतात, चिकलठाण्याच्या नाक्यावर कडुबाकडे जा.

कडुबा माझ्याच गावचा, गंगापूरकडचा. आम्ही चौथीपर्यंत एका शाळेत होतो. मी आत बसत असे, तो बाहेर, दारापाशी. त्याला वारा चांगला लागायचा. त्याच्याशी माझे काही वाकडे नाही. पण सगळे ज्याचे नाव घेतात तिथे गर्दी असते आणि गर्दीत काम घाईचे होते. शिवाय त्याचे दुकान माझ्या वाटेवर नाही. मी मागच्या शेतातल्या रस्त्याने जातो. दीड मैल जास्त पडतो, पण झाडे आहेत.

बायको, मंजुळा, म्हणाली, झाडं? दोन बाभळी हायेत तिथं. त्याबी वाळल्यात.

तिला व्यायामाचे महत्त्व माहीत नाही.

९ जुलै, शनिवार
मारुती. रिमांना तेल.

शहागंजला जाऊन लाल रबरे आणली. दुकानदार म्हणाला, चचा, ये लगाव, पहाड पे भी रुकेगी. बसवली. रंग फार सुरेख.

१० जुलै, रविवार
शेजारी बांधकाम चालू आहे. त्यांच्या खडीच्या ढिगावर सराव केला. चढलो. उतरताना दोन्ही ब्रेक दाबले. सायकल पुढे गेली, नंतर मी तिच्या पुढे गेलो. गवंड्याने उठवले. विचारले, मामा, कुठं निघाले व्हते?

लाल रबर फार मऊ आहे.

१६ जुलै, शनिवार
सरावामुळे चाके रोज भिजतात, गंजाचा धोका वाढला. म्हणून तेल दुप्पट लावले. मन प्रसन्न.

काळी टणक रबरे आणली.

१८ जुलै, सोमवार
काळी रबरे शेळीसारखी ओरडतात. रस्त्यावरचे लोक आपोआप बाजूला होतात, हा एक फायदा. थांबत मात्र नाही.

बहुधा दोष रबराचा नाही, टायरचा आहे. गुळगुळीत टायर ओल्यात काय करणार? उद्या जाड खाचांचे टायर बघायचे.

२१ जुलै, गुरुवार
जाड टायर बसवले. ते मडगार्डला घासतात. मडगार्ड काढून ठेवले. आता मानेपासून कमरेपर्यंत चिखलाचा सरळ पट्टा येतो. कंपनीच्या गेटवर बद्रीनाथने पाठीमागून नमस्कार केला. म्हणाला, काका, गंध कपाळाला लावत्यात.

वळणावर पुन्हा तीच टपरी. आता तो माणूस मला लांबून पाहूनच कात उचलतो.

२६ जुलै, मंगळवार
आज मोर्चा होता, विद्यापीठाच्या नामांतराचा. पोलिसांनी शेतातला रस्ता बंद करून सगळ्यांना नाक्यावरून सोडले. नामांतर झालेच पाहिजे असे कंपाउंडच्या भिंतीवर लिहिले आहे. त्याच्या शेजारी कोणीतरी उलटही लिहिले आहे. मी त्या वादात नाही. कोणी मत विचारले तर मी पावसाबद्दल बोलतो.

नाक्यावरून जाताना कडुबाचे दुकान लागले. मान खाली घालून चाललो होतो. त्रिंबक, अशी हाक आली. वाऱ्यामुळे ऐकू आली नाही.

इथे लिहून ठेवतो म्हणजे मनात घोळत राहणार नाही. दहा वर्षांपूर्वी, नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात, गावाकडे त्यांच्या वस्तीतली घरे जाळली. कडुबा बायको आणि दोन लेकरे घेऊन माझ्या दारात आला. मी तेव्हा मुकुंदवाडीत भाड्याने राहत होतो. पंधरा दिवस राहू दे म्हणाला. मी म्हटले, माझे काही नाही रे, घरमालक नको म्हणतो. तो बरं म्हणाला आणि गेला. लेकराच्या हातात कोंबडी होती, तीही घेऊन गेले.

यात माझी चूक नाही. घर मालकाचे. मी मालकाला विचारले नव्हते, ही गोष्ट वेगळी. विचारले असते तरी तो नकोच म्हणाला असता. मला माणसे कळतात.

१ ऑगस्ट, सोमवार
ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून रबरांच्या जागी स्वतः बसवले. असा विचार अजून कोणी केला नसावा. पुढचे चाक फिरायचेच बंद झाले. तुकडे काढले. टणक रबरे पुन्हा लावली.

मंजुळा म्हणाली, इतकं करताय, त्यापरीस कडुबा भावजीकडं जा की एकडाव. मी म्हटले, हा प्रश्न रबराचा आहे. ती म्हणाली, व्हय का? आणि भाकरी थापू लागली. तिचे हे व्हय का मला आवडत नाही.

१३ ऑगस्ट, शनिवार
श्रावण लागला. मारुतीला नारळ फोडला. रिमांना तीन वेळा तेल पुसले. परवा देव बघून घेईल. तयारी पूर्ण झाली, असे म्हणायला हरकत नाही.

१५ ऑगस्ट, सोमवार
श्रावणी सोमवार, उपास. झेंडावंदन. बारीक पाऊस.

फळी पार केली. टाळ्या. खडी चढलो. टाळ्या. चिखलाचा चर ओलांडला. बद्रीनाथ ओरडला, काका, नाद नाय तुमचा. मग उतार आला. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. सायकल तशीच निघाली. चुन्याची रेघ गेली, पंच गेले, खुर्च्यांची रांग आली. मी लाडवांच्या टेबलाखाली पाठीवर थांबलो.

पाय टेकला नाही. पाठ टेकली. नियमात पाठीचा उल्लेख नाही, हे मी पंचांच्या लक्षात आणून दिले. बाद केले.

उपासामुळे लाडूही खाता आला नाही.

१६ ऑगस्ट, मंगळवार
कंबर धरली आहे. पुढचे चाक वाकले होते. मला न विचारता बद्रीनाथ सायकल कडुबाकडे टाकून आला, आणि कडुबा काय म्हणाला ते स्टोअरच्या खिडकीत उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. कडुबाने रिमेवर बोट फिरवले, नाकाला लावले आणि विचारले, त्रिंबक सायकलीला बी तेल वाहतो का काय मारुतीसारखं? तेलावर ब्रेक धरंल का कंदी? रबरं, टायर, समदं ब्येस हाय. याचं ह्यालाच कळंना.

पॅकिंगवाले जेवायच्या सुट्टीपर्यंत हसत होते.

मी बद्रीनाथला म्हटले, उद्या येताना सायकल घेऊन ये. तो म्हणाला, नाय देत. ज्याची सायकल त्यानं यावं म्हनला.

१७ ऑगस्ट, बुधवार
चालत गेलो. चालणे प्रकृतीला चांगले. उद्या जाऊन सायकल आणायची. आणि घरमालकाचे तेही एकदा सांगून टाकायचे. दोन वाक्यांचे काम आहे.

१८ ऑगस्ट, गुरुवार
पाऊस फार. गेलो नाही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
पाऊस नव्हता. गेलो नाही. नाक्यापर्यंत गेलो होतो. दुकानात गिऱ्हाईक होते. पलीकडे उभा राहिलो, ते गेले, दुसरे आले. मंजुळाने विचारले, मिळाली का सायकल? तयार झाली नाही म्हणून सांगितले. तिने व्हय का म्हटले नाही.

२० ऑगस्ट, शनिवार
सुटी झाल्यावर गेलो. कडुबा एकटाच होता. केस पार पांढरे झाले आहेत. बस म्हणाला. सायकल भिंतीला टेकून उभी होती, रिमा सोड्याने धुतलेल्या. ब्रेक दाबून दाखवला. चाक जागच्या जागी धरले.

मी उभ्यानेच बोललो. म्हटले, कडुबा, त्या वेळी मालक नको म्हणाला नव्हता. मी त्याला विचारलेच नव्हते.

तो दुसऱ्या एका चाकाच्या तारा ओढत होता. वर न बघता म्हणाला, ठावं हाय. तुझ्या दारातनं निघालो तो मालकाकडंच गेलो मी. मला कुनी इचारलंच नाय, म्हनला तो. मागली खोली रिकामी हाय, या म्हनला.

मी विचारले, मग आला का नाहीस?

म्हणाला, मधी एकच भिंत व्हती. पलीकडं तू.

मग तारा ओढत राहिला. ओढता ओढताच म्हणाला, आज आलास, बरं केलंस. सायकल घेऊन जा, जागा अडती. एक बाई लेकराची सायकल घेऊन आली, तिच्याशी बोलू लागला.

मला वाटले होते, सांगितल्यावर हलके वाटेल. वाटले नाही. सायकलवर बसलो नाही, हातात धरून नाक्यावरून घरी आलो.

मंजुळाला म्हटले, घरमालकाचे ते कडुबाला सांगून आलो.