दोष रक्तवाहिनीचा

३ जून
हे जाऊन सात महिने झाले. मेंदूचा स्ट्रोक. डॉक्टर म्हणाले होते, आणायला उशीर झाला. हेमंतने तेच धरून ठेवलंय. पोटचा मुलगा, पण विचारतो पोलिसासारखं, आई, सुरू नक्की कधी झालं? रात्री नऊला, सांगितलंय. आता पुराव्यानिशी दाखवणार. दोष यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचाच होता. मोबाइलवर स्ट्रोकवरचा इंग्रजी संशोधन-पेपर सापडलाय. रोज दोन पानं वाचायची. पंधरा दिवसांत हेमंतला पत्र.

५ जून
अर्धं पान झालं. डिक्शनरीत शब्दच नाहीत, त्याला मी काय करू? पण मुद्दा कळला. पेशींतल्या आरएनएचे काही तुकडे स्वतः प्रोटीन बनवत नाहीत, नुसते दुसऱ्यांच्या कामात हात घालतात. अशी माणसं आमच्या या नल्लकुंटा भागात पुष्कळ आहेत. स्ट्रोकमध्ये हे तुकडे वाढतात आणि रक्तवाहिन्यांची भिंत सैल करतात. सापडला गुन्हेगार.

९ जून
वाचन नाही. डोळे दुखतात. शेजारच्या इंदुताईंनी विचारलं, हे वाचून भावजी परत येणार का? म्हटलं, तुम्ही रोज पोथी वाचता, कोण परत आलं? चहा न घेता गेल्या. बरं झालं, दूध कमीच होतं.

१४ जून
पत्र झालं. ‘तुझे बाबा कुणाच्या चुकीने गेले नाहीत’ हे वाक्य तीनदा आलंय. राहू दे.

१७ जून, दुपारी
इंदुताईंची भाची रेणू तारनाक्याला प्रयोगशाळेत आहे. तिला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. म्हणाली, हौ काकू, वाचलं बरोबर, लेकिन उलटं लावलं. उंदराच्या मेंदूची नस आधी बंद केली, मग हे तुकडे मोजले. नस जितका वेळ बंद, तितके हे वाढले. म्हणून तर आम्ही म्हणतो, पेशंटला लवकर आणा. मग सहज विचारलं, काकांना किती वाजता झालं?
नऊला, म्हटलं.

१८ जून
साडेसहाला झालं. संकष्टी होती. यांच्या हातातून पेला सुटला, जीभ जड झाली. मला वाटलं, दिवसभराचा उपास. म्हटलं, पडून राहा, चंद्रोदय नऊला आहे, पोटात काही गेलं की बरं वाटेल. आणि मोदक वाफवत बसले. एकवीस.

२० जून
हेमंतचा फोन. म्हटलं, तुला पत्र लिहिलंय, अजून टाकलं नाही. पहिल्यांदाच मऊ बोलला. म्हणाला, पत्र राहू दे आई. नऊला झालं म्हणतेस ना, मग तू तरी काय करणार होतीस?
म्हटलं, तेच तर.