एकशे अठरा पत्रिका आणि एक सोलो प्रवासी

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ५.५०

ठरलं. उरलेलं आयुष्य प्रवास. एकट्याने, फुल टाइम. कारखान्याच्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं दुसऱ्यांचे इन-आउट लिहिले, परवा रिटायर झालो. आता स्वतःचा एकदाच आउट. इनचा कॉलम कोरा राहील. कालच जाहीर करणार होतो, पण एक तारीख. लोकांनी एप्रिल फूल समजलं असतं.

सकाळी ८.१५

शीलाला सांगितलं. पत्नीला हा धक्का सोसवेल का, एवढीच काळजी होती. ती 'नका जाऊ' म्हणाली तर काय बोलायचं, त्याचं छोटं भाषण पाठ केलं होतं. तिने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, जावाना पहिले गॅसनी टाकी लाई द्या. धक्का आत बसला असावा. अशी माणसं नंतर कोसळतात.

३ एप्रिल

विरोध सुरू! बरं वाटलं. शेजारचा लोटन, ज्याच्यासोबत चौतीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला, तो सरळ म्हणाला, डोकं फिरी गयं का तुन्हं? चार धाम म्हण, नर्मदा परिक्रमा म्हण, पोराकडे नाशिकला म्हण. पण काही कारण नसताना एकटा माणूस घराबाहेर पडतो म्हणजे एक तर बायकोशी भांडण, नाहीतर मागे पोलीस. मी वहीत अकरा उत्तरं लिहून ठेवली आहेत. चार दिली. उरलेली ऐकायला तो थांबला नाही.

कॉलनीतल्या बायकांनी शीलाला विचारलं, काय व्हयनं? ती म्हणाली, काही नही, रिटायर व्हयनात.

५ एप्रिल

शेजारच्या शहाद्याहून सॅक आणली. साठ लिटर. शीलाने चेन उघडून आत बघितलं, म्हणाली, गहू चांगला बसतीन. दुर्लक्ष केलं.

भाग्येशचा नाशिकहून फोन. एकुलता एक मुलगा, म्हटलं हा तरी पाय धरेल. मस्त आयडिया बाबा, म्हणाला, पॉवर बँक घ्या. बापाला कोणी असं सहज सोडतं? पहिला विश्वासघात. नोंद केली.

उद्या साडेपाचच्या गाडीने प्रस्थान.

६ एप्रिल

रामनवमी. उपवासाच्या दिवशी निघणं बरं नाही.

७ एप्रिल

सॅक पाठीवर घेऊन जिना चढण्याचा सराव केला. कंबर धरली. सराव महत्त्वाचाच, हे सिद्ध झालं. शीलाने मलम चोळलं. चोळताना तरी बोलेल, जाऊ द्या, राहा घरी. बोलली नाही. मलम मात्र बराच वेळ चोळत होती.

८ एप्रिल, दुपारी

जसोदावहिनी आल्या. माझ्या मोठ्या भावाची बायको, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या मयूरीचं लग्न आहे, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की चार मेला. भावाचे गुडघे गेलेले, पत्रिका वाटणार कोण? मला म्हणाल्या, भाऊ, तुम्ही जाईच ऱ्हायनात ते ह्या पत्रिका लई जा.

मी समजावलं. वहिनी, हा प्रवास म्हणजे एक जीवनपद्धती आहे. त्या म्हणाल्या, हां, पन वाटवरच शेत ना सर्वा? म्हणजे, सगळे नातेवाईक वाटेवरचेच आहेत.

एकशे अठरा पत्रिका. आमच्यात सख्ख्या भावालाही पत्रिका हातात पडल्याशिवाय तो मांडवात पाय ठेवत नाही, व्हॉट्सअॅपवर पाठवली तर तीन पिढ्या नावं ठेवतात. म्हणून हो म्हटलं. माणुसकी. सगळ्यांवर नावं शीलाच्या अक्षरात, कोपऱ्याला हळदकुंकू. तिने गावागावाचे गठ्ठे रबर लावून दिले. शहादा, प्रकाशा, नंदुरबार, नवापूर. सगळ्यात वर एक सुटी पत्रिका ठेवली होती. सुटी वस्तू हरवते. मी ती न बघताच सॅकच्या आतल्या कप्प्यात टाकली. टाइम ऑफिसची शिस्त.

९ एप्रिल, सकाळी ८.४०. आउट

निघालो! शीला दारात उभी होती. मी सॅक चढवली तशी तिने उजवा हात पुढे केला. नुसता हात. थांबवत होती, दुसरं काय? क्षणभर विरघळलो. मग मन घट्ट करून त्या हातात घराची किल्ली ठेवली आणि मागे न बघता स्टॉपवर आलो.

लोटनची पत्रिका तिथेच त्याच्या हातात दिली. त्याचा चेहरा एकदम उजळला. हां हां, पत्रिका वाटाले चालनात का! असं आधी सांगायचं ना!

मी उत्तर क्रमांक पाच देणार होतो. गाडी आली.

संध्याकाळी ६

शहादा. एका दिवसात एवढं अंतर. अकरा घरं, अकरा चहा, तीन ठिकाणी जेवण. जेवाशिवाय जावानं नही, असं म्हणून चपला लपवतात. जगाचा प्रवास करणाऱ्या माणसाने भूक सहन करायला शिकावं, असं एका व्हिडिओत ऐकलं होतं. आमच्याकडे ती सोय नाही.

१२ एप्रिल

अजून शहादा. नातेवाईक संपत नाहीत.

१३ एप्रिल. प्रकाशा

तापीच्या घाटावर बसून एकांताचा अनुभव घेतला. बारा मिनिटं. मग एकाने ओळखलं, मयूरीचे काका ना तुम्ही, आमची पत्रिका कुठेय?

एक गोष्ट लक्षात आली आणि जीव जळला. कोणी विरोधच करत नाही. मी स्वतःहून सांगतो की मी संसार मागे टाकून निघालोय, आता परतणार नाही. लोक हातातल्या गठ्ठ्याकडे बघतात आणि म्हणतात, हो ना, लग्नकार्यात दगदग होतेच. वहीतली उत्तरं तशीच पडून आहेत. आयुष्यात एकदा बंड केलं, तेही वहिनींच्या कामात जमा.

१५ एप्रिल. नंदुरबार

स्टेशनजवळ लॉज बघितला. छोटी खोली, खिडकी, टेबल. सोलो प्रवाशाला साजेशी. अॅडव्हान्स देणार तोच मावसबहीण रंजिता रिक्षातून उतरली. बहीन मरी गई का तुन्ही, म्हणत सॅक रिक्षात टाकली. लॉजवाल्याने तिची बाजू घेतली.

घरी गेलो तर ताटात मीठ कमी. चहात साखर कमी. जेवण झाल्याबरोबर रंजिता बीपीची गोळी घेऊन हजर. खोदून विचारलं तेव्हा कळलं. शीलाने शहाद्यापासून नवापूरपर्यंत सगळ्यांना आधीच फोन केलेत! कुठे पोचलो, किती जेवलो, सगळं तिला समजतं. म्हणजे मी इथे एकटा, मुक्त, आणि माझ्या मिठाचा हिशोब तिकडे घरी, पुरुषोत्तमनगरात? हा दुसरा विश्वासघात. रंजिता तिचीच बाजू घेते.

आणि एवढे फोन केले तर एक मला करता येत नव्हता? 'या घरी' एवढं म्हणायला काय जातं? मी आलोच नसतो, तो भाग वेगळा.

१७ एप्रिल. नवापूर

मावसभाऊ धनराजच्या पोल्ट्रीवर मुक्काम. ऊन बेचाळीस. सहा हजार कोंबड्या, आणि सगळ्यांना पंखा. पाहुण्यांच्या खोलीतला बंद आहे.

शेवटचा गठ्ठा वाटून संपला. उद्यापासून खरा प्रवास. सुरतची गाडी धरायची, पुढे समुद्र, पुढे जे दिसेल ते. नातेवाईक संपले, आता मी आणि भारत.

१८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी १०.०५. नवापूर स्टेशन

इथलं बाकडं अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. मी गुजरातच्या बाजूला बसलोय. सॅक महाराष्ट्रात. अधिकृतपणे परराज्यात आहे. फोटो काढायला कोणी नाही, म्हणून नोंद करतो.

१०.२०

तिकीट काढण्याआधी सॅक आवरली. आतल्या कप्प्यात ती सुटी पत्रिका सापडली. नाव वाचलं. श्री. धर्मेंद्र दोधू पाटील, सहकुटुंब सहपरिवार. पुरुषोत्तमनगर.

मीच!

शीलाचं अक्षर. 'सहकुटुंब' जरा दाबून लिहिलंय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

१०.३०

सगळं लख्ख कळलं. बाई किती हुशार! तोंडाने 'नका जाऊ' म्हणवेना, म्हणून पत्रिका मुद्दाम सुटी ठेवली. सगळ्या वाटून झाल्या की ही एकच हातात उरणार, आणि ती पोचवायला मला घरीच यावं लागणार. दारात हात पुढे केला होता तो उगाच? बिचारीने दहा दिवस कसे काढले असतील. आणि मी तिला विश्वासघातकी म्हटलं. वरची नोंद रद्द समजावी.

सुरतची गाडी आली आणि गेली. चांगली गाडी होती, रिकामी.

११.१५

निर्णय. परततोय असं नाही. एक पत्रिका द्यायची राहिली आहे, ती देतो. कर्तव्य म्हणून.

१९ एप्रिल, दुपारी १२.५०. घरी

काल रात्री वाटेत नंदुरबारला रंजिताने सोडलं नाही, म्हणून आज पोचलो. नीट लिहितो, क्रमाने.

शीला दारात आली. मी नुसती पत्रिका पुढे केली. मनात म्हटलं, आता कोसळेल. तिने दोन्ही हातांनी घेतली, वाचली, कपाळाला लावली, देव्हाऱ्यात ठेवली. मग वळली. डोळ्यांत पाणी होतं. आलं होतं खरं! मी भाषण आठवू लागलो.

ती म्हणाली, मन्ही पुतनीनं लगीन, आनि सर्वास्ना मांगे मालेच आवतन?

मला कळेना. मग तिने एकेक सांगितलं. ती पत्रिका तिने सगळ्यात वर ठेवली होती. पहिली. निघताना आधी आपल्या दारात द्यावी, मग गावात. तुम्ही घर सोडी चालनात, म्हणाली, मंग ह्या घरमा आवतन घेनारी मीच ऱ्हायनू ना? म्हणून नऊ तारखेला दारात उभी राहिली. म्हणाली, मी हात पुढे कया, तुम्ही किल्ली दिधी.

लोटनच्या बायकोने त्याच दिवशी त्यांची पत्रिका आणून दाखवली आणि तुमची बघू म्हणाली. तेव्हापासून शीला मागच्या गल्लीत गेली नाही. वहिनींकडे पापड झाले, शेवया झाल्या, ही सख्खी काकू घरात बसून. वहिनींना काही बोलली नाही. यात माझं नाव गेलं असतं म्हणे.

मी म्हटलं, मग सगळ्यांना फोन करून मीठ कमी घाला म्हणून कशाला सांगत होतीस? ती म्हणाली, बीपी तुम्हनं शे, राग मन्हा शे. दोन्ही वेगळं वेगळं.

वहीतली अकराही उत्तरं चाळून पाहिली. यावर एकही नाही.

मग तिने पाणी दिलं. बशीत बत्तासे ठेवले. बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्यांच्या पलंगावर धुतलेली चादर घातली. पत्रिका घेऊन येणाऱ्याला विचारतात तसंच, अगदी अदबीने विचारलं, आते कोनता गावले जावानं शे?

मी सुरत म्हणणार होतो. मुक्काम, असं तोंडातून निघालं. ठीक शे, म्हणाली.

दुपारी २.३०

ती नवी साडी नेसून वहिनींकडे गेली. आवतन मिळालं, आता जाता येतं. जाताना सांगून गेली, थर्मासमा चहा शे, पाहुनास्नी लाजू नका.

मी म्हटलं, आता गॅसची टाकी आणून देतो. ती म्हणाली, ती दहा तारखेलाच आणली. एकटीने, सायकलवर. लोटन मागून धरायला आला होता, तर त्यालाही नको म्हणाली.

विश्वासघात झाला आहे, यात शंका नाही. कोणी कोणाचा केला, ते डोक्यात बसलं की लिहीन.

इन: १२.४०. कॉलम भरला.

पलंगावर पडलोय. पाहुण्यांची उशी दिलीय, कपाटातली, भरतकामात 'सुस्वागतम' काढलेली. बरीच मऊ आहे. एकतीस वर्षांत या घरात अशी उशी आहे, हे मला माहीत नव्हतं.