झपतालातला ड्रमवाला

गिरगाव, ९ डिसेंबर २०२४

चि. नूपुर हिस मामाचे आशीर्वाद.

तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून लिहितो. एवढीशी होतीस तेव्हापासून माझ्याकडे गाणं शिकलीस, आणि परळच्या त्या कार्यक्रमात पूरियाची बंदिश गिटार-ड्रम्सच्या गदारोळात गायलीस. तेही एकवेळ सोसलं असतं. पण तुमच्या बँडचा तो ड्रमवाला हितेंद्र दहा मात्रांचा झपताल आठांत कोंबत होता. समेवर तू एकीकडे, तो भलतीकडेच. मला बघवेना, म्हणून पहिल्या रांगेत बसल्या बसल्या हातानं ताल दाखवायला लागलो. टाळीला टाळी, खालीला तळवा हवेत.

तर मागची सगळी पोरं उठून माझ्यासारखेच हात हलवायला लागली. त्यांना वाटलं, म्हातारा रंगात आलाय. त्याचा व्हिडिओ झाला. आता भाजीवालासुद्धा मला बघून तळवा हवेत नेतो. आयुष्यभराची अब्रू धुळीला मिळाली.

बँड सोडेपर्यंत शिकवणीला यायचं नाही. तुझ्या आईला म्हणावं, मधे पडू नकोस. घसा शेकत जा.

हेमचंद्रमामा

दादर, १३ डिसेंबर

ती. मामास शि.सा.न.वि.वि.

आई म्हणते, मामा-भाची मिळून टपालखातं जगवताय.

बँड मी सोडणार नाही. हितेंद्र चुकला, हे मात्र कबूल. त्या गोंधळात माझी सम पार हरवली होती. गाणं टाकून विंगेत पळावंसं वाटत होतं, तेवढ्यात तुझा हात दिसला. त्या हातावर मी सम पकडली. तुला पहिल्या रांगेत बसवलं ते मुद्दाम, मी घाबरले होते म्हणून.

शिकवणी बंद तर बंद, यूट्यूबवरून शिकेन, असं आईला ऐकवलं. खोटं आहे ते. तुझ्याशिवाय मला गाणं जमणार नाही. चीड ओसरली की कळव.

माया पातळ करू नकोस.

तुझी नूपुर

गिरगाव, १८ डिसेंबर

चि. नूपुर, आशीर्वाद.

चीड ओसरलेली नाही. ती गिटार अजून कानात बोचते. पण काल तुझी जागा रिकामी होती आणि मी उगाच बाकीच्या मुलींवर डाफरलो. धाकटी स्पृहा रडलीच. तिचा काही दोष नव्हता. तू नसलीस की मला करमत नाही, झालं.

मंगळवारी ये. त्या हितेंद्रलाही आण. ड्रम्स नकोत, आमचा जिना अरुंद आहे. नुसते दोन हात घेऊन यावं आणि आधी दहापर्यंत मोजायला शिकावं.

पुढच्या कार्यक्रमालाही येईन. पण हात मांडीखाली दाबून बसणार आहे. सम तुझी तू गाठायचीस.

मामा