एका ताटात

प्रिय अक्षताताई,

आपल्या गावातल्या धर्मराजची जीप उद्या सकाळी तुमच्या शहागडला जाणार आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतोय. फोन केला असता, पण मला नीट बोलता आलं नसतं. सासरच्यांसमोर मोठ्यानं वाचू नकोस.

मागच्या हिवाळ्यात आपल्या गावात सिनेमाचं शूटिंग झालं, ते तुला कळलं असेलच. शेतात राबणाऱ्या दोन म्हाताऱ्या भावांची गोष्ट होती. बोलणं फार कमी; नुसतं बघायचं, चालायचं, जेवायचं. दिग्दर्शक बाईंना गावातलीच माणसं हवी होती. पारावर त्यांनी माझे आबा आणि तुझे वडील, दोन टोकांना बसलेले पाहिले आणि त्या हरखल्या. दोघांची नाकं एकसारखी! तुझ्या लग्नात मानाचा फेटा आधी दुसऱ्याला बांधला म्हणून आबा न जेवता मांडवातून उठले, आणि तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. गावाला गंमत बघायची होती. दोघांपैकी एकजण तरी नाही म्हणेल, अशी माझी खात्री होती. कोणीच म्हणालं नाही.

जेवणाचा सीन आमच्या ओसरीवर झाला. एका ताटात पिठलं-भाकरी. काकांनी गरम भाकरी मोडली, वरचा मऊ पापुद्रा आबांकडे सारला आणि कडक काठ स्वतःकडे ठेवले. हे बाईंनी सांगितलेलं नव्हतं. आबांच्या दाढा पडल्यात, हे बाईंना कुठून माहीत असणार? त्या खूश होऊन पुन्हा पुन्हा तेच करायला लावत होत्या. शेवटी काका म्हणाले, "बाई, बास करा की! ह्या म्हाताऱ्याचं पोट फुटलं तर पाप तुम्हाला लागंल." आबा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "त्याला सांगा, म्हाताऱ्याला अजून भूक हाय." सगळे हसले. मग बाईंनी झालं म्हटलं, आणि दोघं उठून हात धुवायला दोन बाजूंना गेले.

आता आबांची बातमी. घशातली गाठ वाढली आहे. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागतं. आबा रोज विचारतात, "शूटिंगवाले परत कवा येणार हाईत?" ती माणसं गेली, सिनेमा पूर्ण झाला, असं मी दर वेळी समजावून सांगायचो. मला वाटायचं, औषधानं भ्रम होतोय. काल दुपारी त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली आणि सिनेमातला सदरा अंगात घातला. म्हणाले, "बाई आल्या म्हंजी त्यालाबी बोलावतील. बाईचं ऐकतो त्यो." तेव्हा कुठे मला समजलं.

ताई, मी काकांच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. आबांनी बोलावलंय म्हणालो आणि काकांनी "मंग त्यानं यावं की" म्हटलं, तर माझ्याकडे पुढे बोलायला काहीच उरणार नाही. ते तुझं ऐकतात. धर्मराज परत निघेल तेव्हा त्याच्याच जीपनं ये. काकांना म्हण, शूटिंगचा एक सीन राहिलाय. तुला खोटं बोलायला लावतोय, माफ कर. मला वाटतं, ते खोटं आहे हे त्यांनाही कळेल आणि तरी ते येतील. कॅमेरा कुठाय म्हणून विचारलंच, तर मी ओसरीवर माझा मोबाईल धरून उभा राहीन. हात हलू देणार नाही.

तुझाच धाकटा भाऊ,
रामेश्वर