दाराला लावलेला कान

समुपदेशक बाईंना,

धाकट्याच्या स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू आहेत, आणि तुम्ही लावलेली सवयही आता अंगवळणी पडली आहे. काही ऐकू आलं की तो मला विचारतो, "ताई, खरं की भास?" मी सांगेन ते वहीत लिहितो आणि पुन्हा शिवायला बसतो.

पण शिलाई मशीन थांबलं की त्याला पुन्हा काही ऐकू येतंय की काय, असं मला वाटतं. काल दुपारी ते बराच वेळ थांबलं, तेव्हा मी चोरपावलांनी जाऊन त्याच्या दाराला कान लावला. मशीन सुरू झाल्यावर स्वयंपाकघरात परतले, तर मागोमाग तो आलाच.

"ताई, मघाशी दाराबाहेर कुणीतरी श्वास घेत होतं. खरं की भास?"

त्याच्याशी कधी खोटं बोलू नका, हे तुम्ही दहादा बजावलं होतंत. पण चोरी पकडल्यासारखी मी गडबडले आणि बोलून गेले, "भास रे."

त्याने ते लिहून घेतलं. "बरं झालं तू आहेस," तो हसून म्हणाला. "मी माझ्याच कानांवर विश्वास ठेवणार होतो."

हे तुमच्याआधी त्याला सांगायला हवं, कळतं मला. मशीन पुन्हा थांबलंय. पत्र इथेच ठेवते आणि या वेळी दार वाजवते.

त्याची ताई